दत्तक बालकाची परीक्षा : कुलशोधापासून आरोग्य-अहवालापर्यंत

दत्तक घ्यावयाच्या बालकाची परीक्षा भारतीय समाजाला नवी नाही. नवा आहे तो त्या परीक्षेचा विषय. धर्मशास्त्रकारांनी, संस्थानिकांनी, अनाथगृहांच्या चालकांनी आणि विसाव्या शतकातील कायद्यांनी मुलाला घरात घेण्यापूर्वी काय पाहावे, याचा विचार आपापल्या परीने केला आहे. कोणी गोत्र पाहिले, कोणी वंशावळ पाहिली, कोणी काहीही न विचारता दार उघडले; आणि आज रक्ताची व वाढीची तपासणी करून तिचा लेखी अहवाल भावी माता-पित्यांच्या हाती दिला जातो. परीक्षेचे स्वरूप बदलत गेले हे उघड आहे. ती कोणाच्या हितासाठी करावयाची, या प्रश्नाचे उत्तरही त्याबरोबर बदलले काय, हा प्रस्तुत निबंधाचा विषय होय.

या विवेचनासाठी जालना जिल्ह्याच्या परतूर तालुक्यातील आष्टी हे गाव डोळ्यांपुढे ठेवणे उपयुक्त ठरेल. (याच नावाची गावे बीड व वर्धा या जिल्ह्यांतही आहेत, येथे ती अभिप्रेत नाहीत.) हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या अंमलाखाली होता. पुढे तो हैदराबाद राज्यात राहिला, १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात आणि १ मे १९८१ रोजी नव्याने निर्माण झालेल्या जालना जिल्ह्यात समाविष्ट झाला. आष्टीतील एखाद्या निपुत्रिक हिंदू दांपत्यापुढे आज दत्तकाचे दोन मार्ग असतात. भावाचे किंवा मेहुण्याचे मूल ओटीत घेऊन दुय्यम निबंधकापुढे दत्तकपत्र नोंदविणे, हा पहिला. केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या संगणकीय नोंदणीत नाव घालून, घराची चौकशी होऊ देऊन, मान्यताप्राप्त संस्थेतील बालकाची वाट पाहणे, हा दुसरा. पहिल्या मार्गावर बालकाची वैद्यकीय परीक्षा कायद्याने आवश्यक नाही. दुसऱ्यावर ती अनिवार्य आहे. एकाच गावात, एकाच काळी, एकाच हेतूने होणाऱ्या दोन कृत्यांत हा भेद का पडावा, याचे उत्तर या दोन मार्गांच्या भिन्न इतिहासांत सापडते.

१. शास्त्रातील परीक्षा : संदेह कुलाचा

मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात दत्तक (तेथील शब्द 'दत्त्रिम') पुत्राची व्याख्या करताना तो घेणाऱ्यास 'सदृश' असावा, असे म्हटले आहे. या एका शब्दावर टीकाकारांत मतभेद झाला. मेधातिथीच्या मते सादृश्य पाहावयाचे ते गुणांचे. कुल्लूकाच्या मते ते जातीचे. व्यवहारात कुल्लूकाचा अर्थ टिकला. वसिष्ठधर्मसूत्राच्या पंधराव्या अध्यायात दत्तकविधी सांगताना जवळच्या आप्ताचेच मूल घ्यावे, असा निर्देश आहे; मूल दूरच्या बांधवाचे असून त्याच्याविषयी 'संदेह' उत्पन्न झाला तर त्याला वेगळे ठेवावे, असेही म्हटले आहे. हा संदेह शरीराविषयीचा नाही, कुलाविषयीचा आहे. मूल खोकते काय, ते वयाच्या मानाने वाढले आहे काय, हे सूत्रकार विचारीत नाही.

महाराष्ट्रात ज्या ग्रंथाला पुढे विशेष प्रामाण्य लाभले तो 'व्यवहारमयूख' सतराव्या शतकात काशी येथे नीलकंठ भट्टाने रचला. त्याचे घराणे मूळचे गोदातीरावरील पैठणचे. त्याचा पणजोबा रामेश्वर भट्ट काशीस गेला. नीलकंठाने विवाहित आणि पुत्रवान पुरुषही दत्तक जाऊ शकतो, असे मत मांडले. वयाचा प्रश्नच जेथे गौण ठरला तेथे दत्तक म्हणजे 'बालक' ही कल्पनाही आवश्यक राहिली नाही. घराण्याला पिंड देणारा आणि मालमत्ता सांभाळणारा पुरुष हवा होता. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या तिसऱ्या खंडात (१९४६) दत्तकविषयक वचनांचा विस्तृत परामर्श घेतला आहे. त्या सर्व चर्चेचा केंद्रबिंदू पुत्राची पात्रता हा आहे, बालकाचे पोषण हा नव्हे.

शरीराचा विचार शास्त्रात वेगळ्या द्वाराने आला. जन्मांध, बधिर, मूक, उन्मत्त, जड अशांना वारसाहक्कातून वगळावे, परंतु त्यांना आमरण अन्नवस्त्र द्यावे, असे मनूने नवव्या अध्यायातच सांगितले. ज्याला पोटचा पुत्र असूनही वाटा मिळावयाचा नाही, असा मुलगा वारस म्हणून कोणी बाहेरून आणणार नाही, हे ओघानेच आले. अशा रीतीने व्यंगाची परीक्षा दत्तकविधीत लिहिलेली नसली तरी वारसाच्या नियमातून ती घरोघर पोचली. 'अव्यंग' हे विशेषण मराठीत वधूवरांप्रमाणेच दत्तक मुलालाही लागत आले, त्याचे मूळ येथे आहे.

वैद्यकाची दृष्टी याहून भिन्न होती. चरकसंहितेच्या शारीरस्थानात नामकरणानंतर बालकाच्या आयुष्याची लक्षणे पाहण्यास सांगितले आहे; पण त्याहून लक्षणीय आहे ती धात्रीची, म्हणजे दूधदाईची परीक्षा. तिचे वय, आरोग्य, स्वभाव, स्तन आणि दूध यांची बारकाईने तपासणी करावी, असे चरक सांगतो. शास्त्रकार विचारीत होता, 'हे मूल आमच्या घराला योग्य आहे काय?' वैद्य विचारीत होता, 'ही दाई या मुलाला योग्य आहे काय?' दत्तकाच्या परीक्षेचा पुढचा सगळा इतिहास या दोन प्रश्नांमधील ओढाताणीचा इतिहास आहे.

२. राजवाडा आणि बालहत्या-प्रतिबंधक गृह

एकोणिसाव्या शतकात दत्तकाला राजकीय महत्त्व आले. सातारा (१८४८), झाशी आणि नागपूर ही राज्ये खालसा करताना कंपनी सरकारने दत्तकाचा किंवा वारसाचा हक्कच अमान्य केला. त्यानंतरच्या काळातील दत्तकांत वंशावळीच्या पुराव्याला अधिकच धार चढली. मल्हारराव गायकवाड पदच्युत झाल्यावर २७ मे १८७५ रोजी महाराणी जमनाबाईंनी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा गोपाळराव हा मुलगा दत्तक घेतला. तोच पुढे सयाजीराव महाराज म्हणून प्रसिद्धीस आला. शेतकरी घरातील या मुलाच्या निवडीपूर्वी चौकशी झाली ती मुख्यतः कवळाण्याची शाखा खरोखर गायकवाडांचीच काय, याची. राजवाड्यातील परीक्षा हा वसिष्ठाच्या 'संदेहा'चाच सरकारी अवतार होता.

याच सुमारास पुण्यात एका घरात अगदी उलट नियम पाळला जात होता. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये बालहत्या-प्रतिबंधक गृह काढले. विधवांनी गुप्तपणे येऊन बाळंत व्हावे, मूल न्यावे अथवा ठेवून जावे, अशी तेथे मुभा होती. जेथे आईचे नाव विचारणे हाच तिच्या जिवाला धोका होता, तेथे मुलाच्या कुलाचा शोध घेणे शक्यच नव्हते. काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेला १८७४ मध्ये झालेला मुलगा फुले दांपत्याने दत्तक घेतला आणि त्याचे नाव यशवंत ठेवले. १८८७ मधील आपल्या मृत्युपत्रात जोतीरावांनी त्याच्या हक्काची व्यवस्था केली. हा यशवंत पुढे डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगमध्ये त्याने पुण्यानजीक रुग्णांवर उपचार केले आणि त्याच साथीत रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाईंना १० मार्च १८९७ रोजी मृत्यू आला. शास्त्राच्या कसोटीला न उतरणारे ते मूल होते. त्याची कसोटी न घेताच ते घरात आले.

पंढरपुरातही १८७५ च्या सुमारास न्यायाधीश लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने प्रार्थना समाजाचे अनाथ-अर्भकालय सुरू झाले. पुढे ते नवरंगे बालकाश्रम या नावाने ओळखले जाऊ लागले. वारकऱ्यांच्या या क्षेत्री यात्रेच्या गर्दीत सोडून दिलेली अर्भके आणि आश्रयाला आलेल्या विधवा यांची सोय करणे हा त्याचा हेतू होता. फुल्यांचे घर आणि पंढरपूरचा आश्रम यांमुळे महाराष्ट्रात प्रथमच कुलाचा पत्ता नसलेले मूल ही सामाजिक वस्तुस्थिती म्हणून उघडपणे स्वीकारली गेली. परंतु कुलशोध संपला तेथे एक नवा प्रश्न उभा राहिला : माहिती नसलेल्या मुलाला जगवावयाचे कसे?

३. उघडे दार आणि मृत्यू : युरोपचा अनुभव

या प्रश्नाचा कठोर अनुभव युरोपातील अनाथ-अर्भकालयांनी आधीच घेतला होता. लंडनमध्ये टॉमस कोरम यांच्या प्रयत्नाने १७३९ मध्ये सनद मिळालेले फाउंडलिंग हॉस्पिटल १७४१ मध्ये उघडले, तेव्हा दोन महिन्यांहून मोठे किंवा संसर्गजन्य रोग असलेले मूल घ्यावयाचे नाही, असा नियम होता. इतर मुलांना बाधा होऊ नये, हे त्याचे कारण. म्हणजे आधुनिक संस्थेतील पहिली आरोग्य-परीक्षा ही प्रवेश नाकारण्याची परीक्षा होती. १७५६ ते १७६० या काळात शासनाच्या साहाय्याने हा नियम शिथिल झाला आणि येईल ते मूल घेतले गेले. सुमारे १५,००० अर्भके आली. त्यांपैकी दोन-तृतीयांशांहून अधिक मरण पावली. परीक्षेचे दार बंद ठेवले तर आजारी मूल रस्त्यावर मरते. ते उघडले आणि आत शुश्रूषा नसली तर ते पाळण्यात मरते.

फ्रान्स व इटलीत याहून गुंतागुंतीचा प्रश्न निर्माण झाला. जन्मजात उपदंश असलेले अर्भक दूधदाईकडे दिले की तिला रोग होई, आणि रोगी दाईकडून निरोगी अर्भकाला होई. पॅरिसजवळ व्होजिरार येथे १७८० मध्ये अशा अर्भकांसाठी आणि मातांसाठी स्वतंत्र रुग्णालय काढावे लागले. चरकाने धात्रीपरीक्षेला दिलेले महत्त्व येथे वेगळ्याच रीतीने प्रत्ययास आले : तपासणी एकाच बाजूची करून भागत नाही. १९०६ मध्ये वासरमानची रक्तचाचणी उपलब्ध झाल्यावर लक्षणे दिसण्याआधीच रोग ओळखण्याचा मार्ग खुला झाला आणि 'पाहून' करावयाची परीक्षा 'रक्तात शोधावयाची' झाली. येथून पुढे दत्तक बालकाविषयीचा संदेह कुलातून रक्तात शिरला.

४. भाकिताचा मोह

विसाव्या शतकाच्या पहिल्या चार दशकांत अमेरिकेत संस्थांमार्फत दत्तक देण्याची पद्धत वाढली आणि तिच्याबरोबर बुद्धिमापनाचा उत्साहही वाढला. येल विद्यापीठातील आर्नल्ड गेसेल यांनी दत्तक देण्यापूर्वी बालकाची मनोवैद्यकीय परीक्षा व्हावी, घाईने घर ठरवू नये, असा आग्रह धरला. त्यामागे बालकाचे हित होते आणि पालकांची निराशा टाळण्याचा हेतूही होता. परंतु अशा परीक्षेत एक धोका असतो. आज जे दिसते ते उद्याही तसेच राहील, असे तिच्या वाचकाला वाटू लागते.

हे गृहीत किती अस्थिर आहे, ते आयोवा राज्यातील हॅरल्ड स्कील्स यांच्या अभ्यासाने दाखवून दिले. अनाथालयातील १३ लहान मुले मंदबुद्धी म्हणून दत्तकास अयोग्य ठरविली गेली होती. त्यांना प्रौढ मतिमंद स्त्रियांच्या संस्थेत पाठविण्यात आले. तेथील मुलींनी आणि परिचारिकांनी त्यांना मांडीवर घेतले, खेळविले, बोलते केले. १९३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतानुसार या मुलांच्या बुद्धिमापनात मोठी वाढ झाली आणि त्यांतील बहुतेकांना पुढे दत्तक घरे मिळाली. १९६६ मधील पाठपुराव्यात ही तेराही माणसे स्वावलंबी असल्याचे आढळले; अनाथालयातच राहिलेल्या तुलनेच्या गटाची अवस्था पुष्कळच हलाखीची होती. या अभ्यासाच्या पद्धतीवर आक्षेप घेतले गेले आहेत. तथापि त्यातील एक गोष्ट नाकारता येत नाही : पहिल्या परीक्षेने मुलाचा स्वभावसिद्ध मंदपणा मोजला, असे जे मानले गेले, तो बऱ्याच अंशी त्याच्या भोवतीच्या उपेक्षेचा परिणाम होता.

५. १९५६ : कायद्याचे मौन

भारतात दत्तकाचे आणि वारसाचे नियम १९५६ मध्ये बदलले. व्यंगाच्या कारणाने वारसाहक्क नाकारण्याची जुनी रूढी ब्रिटिश हिंदुस्थानात १९२८ च्या कायद्याने बरीचशी दूर केली होती. जन्मजात वेड व जडबुद्धी एवढे अपवाद मात्र राखले होते. १७ जून १९५६ रोजी अमलात आलेल्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २८ व्या कलमाने हे अपवादही पुसले गेले : कोणताही रोग, दोष किंवा विकृती या कारणाने कोणीही वारसाहक्कास अपात्र ठरणार नाही. त्या दिवशी आष्टी हैदराबाद राज्यात होती. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा २१ डिसेंबर १९५६ रोजी अमलात आला, तेव्हा आष्टी मुंबई राज्यात गेली होती. सुमारे सहा महिन्यांत गावाचे राज्य बदलले आणि दत्तकाचा पायाही बदलला. मुलीला दत्तक घेता येऊ लागले. घेतले जाणारे मूल साधारणतः पंधरा वर्षांखालचे असावे, असा नियम झाला. दत्तहोमाची आवश्यकता उरली नाही.

या दत्तक कायद्यात दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली, कोणते मूल दत्तक घेता येईल ते सांगणाऱ्या १० व्या कलमात आरोग्याचा शब्दही नाही. दुसरी, १५ व्या कलमानुसार विधिपूर्वक झालेले दत्तक रद्द करता येत नाही. मुलाची तपासणी मागितली नाही आणि त्याला परत देण्याची वाटही ठेवली नाही. पोटच्या मुलाच्या बाबतीत असते तीच स्थिती कायद्याने दत्तकालाही दिली. यात एक उदात्त समता आहे. पण त्या समतेची भिस्त एका गृहीतावर आहे : मूल नात्यातले आहे, त्याचे आईबाप परिचित आहेत, त्याच्या घरातील आजार सर्वांना ठाऊक आहेत.

मराठवाड्यात हे गृहीत तपासून पाहण्याजोगे आहे. इरावती कर्वे यांनी भारतातील नातेसंबंधांवरील आपल्या ग्रंथात (१९५३) महाराष्ट्रातील मामाच्या मुलीशी विवाह करण्याच्या प्रथेची चर्चा केली आहे. जेथे असे विवाह पिढ्यान्‌पिढ्या होतात तेथे काही आनुवंशिक विकारांची शक्यता वाढते. कारण दोन्ही बाजूंनी एकच सदोष गुणसूत्रांश मुलात एकत्र येऊ शकतो. नात्यातले मूल 'माहितीतले' असते हे खरे. पण वाहकावस्था डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ती कोणाच्याच माहितीत नसते. ओटीत घेताना पत्रिका पाहिली जाते, पायगुणाची चर्चा होते; हिमोग्लोबिनची तपासणी होत नाही. पहिल्या मार्गावरील कायद्याचे मौन असे दोन्ही बाजूंनी वाचावे लागते : ते मुलाला नाकारले जाण्यापासून वाचविते आणि त्याच वेळी त्याला उपचारापासून दूरही ठेवू शकते.

६. १९८४ नंतर : अहवालाचा जन्म

संस्थेतील मुलाचा मार्ग वेगळा झाला तो मुख्यतः परदेशी दत्तकांमुळे. भारतीय मुले परदेशात पाठविण्यातील गैरप्रकारांविषयी लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयास पत्र लिहिले. त्यावर ६ फेब्रुवारी १९८४ रोजी न्यायमूर्ती प्र. ना. भगवती यांच्या पीठाने निर्णय दिला आणि मार्गदर्शक नियम घालून दिले. मुलाच्या पूर्वेतिहासाचा व आरोग्याचा लेखी अहवाल भावी पालकांना मिळाला पाहिजे, हे तत्त्व या निर्णयाने भारतीय व्यवहारात रुजविले. १९९० मध्ये केंद्रीय दत्तक संसाधन यंत्रणा स्थापन झाली. २९ मे १९९३ च्या हेग कराराला भारताने ६ जून २००३ रोजी मान्यता दिली. या कराराच्या १६ व्या कलमात मूळ देशाने मुलाचा वैद्यकीय इतिहास, त्याच्या कुटुंबाचा वैद्यकीय इतिहास आणि त्याच्या विशेष गरजा यांचा अहवाल तयार करावा, असे म्हटले आहे. ३० व्या कलमाने ही माहिती जपून ठेवण्याचे बंधन घातले. कुलाचा शोध येथे पुन्हा आला, पण प्रतिष्ठेसाठी नव्हे. मोठेपणी त्या व्यक्तीला आपल्या शरीराचा इतिहास कळावा, यासाठी.

अशा तपासणीची उपयुक्तता वैद्यकीय अभ्यासांनीही दाखविली. मार्गारेट होस्टेटर व सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये अमेरिकेत आलेल्या परदेशी दत्तक मुलांविषयी निबंध प्रसिद्ध केला. निम्म्याहून अधिक मुलांत महत्त्वाचे निदान आढळले, आणि त्यांतील बहुसंख्य निदाने केवळ ठरावीक चाचण्यांमुळे हाती आली. वरवरच्या परीक्षेत ती निसटली असती. त्यांतील बरेच विकार उपचारांनी बरे होणारे किंवा आटोक्यात येणारे होते. न तपासणे म्हणजे उदारपणा, ही समजूत यामुळे टिकत नाही.

बाल न्याय कायदा २०१५ आणि त्याखालील दत्तक नियम (२०१७ व २०२२) यांनी ही पद्धत देशांतर्गत दत्तकालाही बांधून घातली. संस्थेतील बालक दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त घोषित झाले की त्याचा अध्ययन-अहवाल आणि वैद्यकीय परीक्षा-अहवाल तयार होतो. त्यात वजन, उंची, डोक्याचा घेर, विकासाचे टप्पे, लसीकरण आणि रक्ताच्या काही चाचण्या (यांत एचआयव्ही, हिपॅटायटिस-बी व उपदंश येतात) यांच्या नोंदी असतात. भावी पालकांना तो आपल्या पसंतीच्या डॉक्टरला दाखविता येतो. त्याच नियमांनी पालकांच्याही शारीरिक व मानसिक आरोग्याची खात्री मागितली आहे. चरकाची धात्रीपरीक्षा अशा रीतीने पुन्हा अवतरली.

७. अहवालाची भाषा

येथवरच्या इतिहासावरून परीक्षा बालकाच्या हिताकडे वळली, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. परंतु अहवाल लिहिणाऱ्याचा हेतू आणि वाचणाऱ्याची सवय यांत अंतर असते. आष्टीतील दांपत्याच्या हाती आलेल्या अहवालाची भाषा इंग्रजी असते, तीही बव्हंशी संक्षेपांची. तो समजून घेण्यासाठी वापरले जाणारे मराठी शब्द मात्र जुन्या परीक्षेतून आलेले असतात.

एकच उदाहरण पुरेसे आहे. सहा महिन्यांच्या बालकाची एचआयव्ही प्रतिपिंडांची चाचणी 'पॉझिटिव्ह' आली, तर ती बालकाविषयी निश्चित काहीही सांगत नाही. आईच्या रक्तातील प्रतिपिंडे वारेतून बालकाकडे येतात आणि सुमारे अठरा महिन्यांपर्यंत त्याच्या रक्तात आढळू शकतात. म्हणून या वयात विषाणूचा अंश थेट शोधणारी चाचणी करावी लागते. उपदंशाच्या काही चाचण्यांनाही हेच लागू आहे. म्हणजे कागदावर बालकाचे नाव आहे, पण विधान आईविषयी आहे. वाचणारा मात्र ते वाक्य बालकाच्या भविष्याविषयी म्हणून वाचतो, आणि एक निरोगी मूल घर मिळण्याच्या संधीला मुकते. वसिष्ठाचा संदेह नव्या लिपीत परत येतो तो असा.

या दृष्टीने अहवालातील विधानांचे काळानुसार वर्गीकरण करता येते. काही विधाने भूतकाळाची असतात : जन्मवेळचे वजन, अपुऱ्या दिवसांची प्रसूती. काही वर्तमानाची : आजचे हिमोग्लोबिन, आजचा डोक्याचा घेर. काही संभवाची : अमुक चाचणी पुन्हा करावी, अमुक टप्पा सहा महिन्यांनी पाहावा. मराठीत 'होते', 'आहे' आणि 'असू शकेल' हे तीन रूपभेद स्पष्ट आहेत. परंतु संक्षेपांच्या भाषेत क्रियापदच नसते, आणि क्रियापद नसलेले विधान वाचक कायमचे सत्य म्हणून वाचतो. 'विकासात विलंब' या शब्दांत उद्याची वाट मोकळी आहे. 'मंद' या शब्दात ती बंद होते. स्कील्सच्या तेरा मुलांचे प्राक्तन या दोन शब्दांमधील अंतरात होते.

'वाहक' हा शब्दही असाच फसवा आहे. सिकलसेल किंवा थॅलेसेमियाचा वाहक हा स्वतः सामान्यतः रोगी नसतो. त्याला पुढे विवाहाच्या वेळी जोडीदाराची तपासणी करून घ्यावी लागते, एवढाच त्याचा अर्थ. पण ग्रामीण मराठीत 'वाहक' म्हटले की एस.टी.तील तिकिटे देणारा आठवतो, नाहीतर रोग पसरविणारा. पारिभाषिक शब्द कोशात सिद्ध होतो. त्याचा अर्थ मात्र डॉक्टर आणि पालक यांच्या संभाषणात घडवावा लागतो, आणि हे संभाषण अहवालाइतकेच आवश्यक आहे.

दत्तक नसलेल्या मुलांच्या बाबतीत महाराष्ट्राला याचा अनुभव आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील पालघर येथे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांमधील जन्मजात व्यंगे, आजार, कमतरता आणि विकासातील विलंब शोधून उपचारांकडे पाठविणे हा त्याचा हेतू. अंगणवाडीत आलेले पथक मुलाला तपासते तेव्हा 'हे मूल घरात ठेवावे काय' असा प्रश्न कोणाच्याही मनात येत नाही. तीच तपासणी दत्तकाच्या संदर्भात मात्र निवडीचे साधन होते. तपासण्या बहुतांशी त्याच. पण तेथे मूल आधीच कोणाचे तरी असते आणि येथे ते अद्याप कोणाचेच नसते.

समारोप

दत्तक बालकाच्या परीक्षेचा हा प्रवास सरळ प्रगतीचा नाही. शास्त्राने कुल तपासले आणि वारसनियमाच्या आडून शरीरही तपासले. फुले दांपत्याने आणि पंढरपूरच्या आश्रमाने परीक्षेविना स्वीकाराचा धडा दिला. लंडनच्या अनुभवाने शुश्रूषेविना स्वीकार अपुरा असल्याचे दाखविले, आणि आयोवातील मुलांनी शुश्रूषेविना केलेली परीक्षा खोटी ठरू शकते हे सिद्ध केले. १९५६ च्या कायद्याने समता दिली पण माहिती मागितली नाही. १९८४ नंतरच्या व्यवस्थेने माहिती दिली, पण ती कशी वाचावी हे समाजाला पुरेसे शिकविले नाही.

यावरून दोन्ही मार्गांसाठी काही व्यावहारिक निष्कर्ष निघतात. दत्तकपत्राने नात्यात येणाऱ्या मुलाचीही आरोग्य-तपासणी व्हावी. मात्र ती मूल घरी आल्यावर आणि त्याच्या उपचारासाठी व्हावी, त्याला पारखण्यासाठी नव्हे. संस्थेतील बालकाच्या अहवालाबरोबर सोप्या मराठीत त्याचा अर्थ लिहिलेला असावा आणि त्यात कोणते विधान आईविषयी, कोणते आजचे, कोणते पुन्हा तपासावयाचे, हे वेगळे दाखविलेले असावे. अठरा महिन्यांखालील बालकाच्या प्रतिपिंड-चाचणीचा निष्कर्ष अशा स्पष्टीकरणाविना पालकांच्या हाती देऊ नये.

मराठीत मूल 'दत्तक जाते'. वाक्याचा कर्ता ते असते, पण जाण्याचा निर्णय त्याचा नसतो. त्याच्या वतीने दुसरेच कोणी ठरवीत असतात. ज्याच्या शरीराविषयी हा अहवाल लिहिला जातो तेच मूल मोठेपणी त्याचे सर्वांत गरजू वाचक होणार आहे. तो वाचक ध्यानी ठेवून लिहिलेला अहवाल संदेह वाढविणार नाही; मुलाला आपल्या नव्या घरात नीट वाढविण्यासाठी काय करावे लागेल, एवढेच तो सांगेल.